मकरसंक्रांत आणि उत्तरायण

मकरसंक्रांतीवर निबंध लिहायला सांगितला की बहुतेक वह्यांत एक वाक्य हमखास सापडते : 'या दिवसापासून सूर्याचे उत्तरायण सुरू होते व दिवस मोठा होऊ लागतो.' पुष्कळदा ते शाळेच्या फळ्यावरही असते. हे वाक्य एके काळी अगदी बरोबर होते. आज ते बरोबर नाही. ते का चुकले, हे पाहण्यासारखे आहे.

सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने सरकताना दिसतो, त्या मार्गाला क्रांतिवृत्त म्हणतात. त्याचे बारा समान भाग म्हणजे राशी. एका राशीतून पुढच्या राशीत सूर्य शिरतो तो क्षण म्हणजे संक्रांत. अर्थात वर्षात संक्रांती बारा येतात. त्यांपैकी मकरेचीच एवढी साजरी व्हावी याचे कारण उत्तरायणाशी जोडलेला तिचा संबंध. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी वाट पाहिली ती उत्तरायणाची. गुजरातेत तर या सणाचे नावच उत्तरायण आहे.

पण उत्तरायण ही राशींवर अवलंबून असणारी गोष्ट नाही. सूर्य उगवण्याची जागा रोज थोडी थोडी दक्षिणेकडे सरकते, २२ डिसेंबरच्या सुमारास तेथील टोक गाठते आणि परत फिरते. हे परत फिरणे म्हणजे उत्तरायणाचा आरंभ. संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. मधले तीन आठवडे कोठून आले?

पोरे भोवरा फिरवतात तेव्हा त्याचा वेग मंदावू लागला की त्याची आरी एका जागी राहते, पण माथा सावकाश गोल डुलू लागतो. पृथ्वीचा अक्षही असाच डुलतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. त्या फुगवट्यावर सूर्य व चंद्र यांची जी ओढ असते, तिच्यामुळे अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरी पुरी करतो. याला परांचन म्हणतात. आपल्या जुन्या ग्रंथांत अयनचलन हा शब्द आहे. त्यामुळे ऋतूंचे वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान असते. इंग्रजी दिनदर्शिका ऋतूंच्या वर्षाला धरून चालते, तर आपल्या पंचांगातील संक्रांत ताऱ्यांच्या, म्हणजे निरयन वर्षाला धरून. वीस मिनिटे ती काय! पण ती साचत जातात आणि साधारण ७२ वर्षांत एक दिवस होतो.

तेव्हा 'सगळे सण तिथीने येतात, संक्रांत मात्र १४ जानेवारीलाच' हेही खरे नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि इंग्रजी तारीख १२ जानेवारी १८६३. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. तो दिवस संक्रांतीचा होता असे पुष्कळदा लिहिले जाते. वरच्या हिशेबाने मागे गेलो तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. हा हिशेब वरच्या वर्गातील मुलांना करायला द्यावा. अलीकडे संक्रांत कधी १४ ला तर कधी १५ ला येते (२०२४ मध्ये १५, २०२५ मध्ये १४) ते मात्र लीप वर्षामुळे. संक्रमणाचा क्षण दर वर्षी सुमारे सहा तासांनी पुढे जातो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला पुन्हा मागे आणतो.

असेच मागे जात राहिलो तर दोन्ही क्षण एकत्र येतात. राशींचा आरंभ नेमका कोठे मानायचा यावर ते साल अवलंबून आहे. सध्या प्रचलित असलेल्या गणिताने ते इ. स. २८५ येते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत या विषयावर जे लिहिले आहे ते मोठे मोलाचे आहे. तो सांगतो की जुन्या शास्त्रांत उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्रापासून सांगितला आहे, पण आता तो मकरेच्या आरंभापासून होतो. आणि याची खात्री प्रत्यक्ष पाहून करावी. सूर्याच्या उदयास्ताच्या जागांवर दूरच्या खुणेने लक्ष ठेवणे, सावली पाहणे, असे उपायही त्याने दिले आहेत.

सणाच्या चालीरीतींचे काय? त्या खऱ्या अर्थाने हंगामाच्या आहेत. खरिपाचा तीळ घरात आलेला, गुऱ्हाळे चालू, म्हणून तिळगूळ. सुगडात ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. भोगीला वांगी, गाजर, पावट्याची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तिळात जवळजवळ निम्मे तेल असते, तेव्हा थंडीत तो खावासा वाटणे साहजिक आहे. काळा रंग उष्णता शोषतो म्हणून काळी चंद्रकळा, हे स्पष्टीकरण मात्र आम्हाला ओढूनताणून केलेले वाटते; थंडी काही एकाच दिवशी पडत नाही. प्रत्येक रूढीला विज्ञानाचा दाखला चिकटवण्याची गरज नाही. तीन आठवड्यांनी हंगाम फारसा बदलत नाही, त्यामुळे हे सरकणे कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. आणखी ९,००० वर्षांनी मात्र संक्रांत मेच्या उन्हात येईल!

सणांची ही घसरण थांबवावी, पंचांग ऋतूंना म्हणजे सायन गणिताला जोडावे, असा आग्रह 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी धरला होता. ते पेशाने शिक्षक होते. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात १ पौष म्हणजे २२ डिसेंबर, उत्तरायणाच्या आरंभाशी जुळणारा दिवस. ती सरकारी कागदांवर राहिली. घरात पंचांग जुनेच चालले.

वराहमिहिराने सांगितलेली सावली आपल्याला शाळेच्या पटांगणात मोजता येते. एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ उभी करावी. १० डिसेंबरपासून दर दोन-तीन दिवसांनी दुपारी सव्वाबारा ते एकपर्यंत पाच-पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करून त्या दिवशीची सर्वांत आखूड सावली नोंदवावी. पुण्यात ती २२ डिसेंबरला ९० सें. मी.च्या जवळ भरेल. संक्रांतीपर्यंत ती सहा-सात सें. मी.ने आखडलेली दिसेल आणि दिवसही सहा-सात मिनिटांनी वाढलेला असेल. नुसते घड्याळ लावून सूर्योदय पाहणारी मुले मात्र चकित होतील, कारण आपल्याकडे वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय संक्रांतीच्या आसपासच होतो. वाढलेली सगळी मिनिटे संध्याकाळच्या बाजूला पडलेली असतात. नागपूरच्या शाळेत २२ डिसेंबरची सावली ९८-९९ सें. मी. येईल, सावंतवाडीला सुमारे ८२.