पोटाचं ऑपरेशन आणि छातीचा श्वास

आम्ही डॉक्टर आहोत खरे, पण तत्त्वज्ञानातले. औषधाची चिठ्ठी आम्हांला लिहिता येत नाही. तरी आजचा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यात राहणाऱ्या आमच्या थोरल्या बंधूंच्या आतड्याला छिद्र पडलं. रातोरात बारामतीला आणून ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आम्ही घरची माणसं उशाशी बसून एकच सांगत होतो, "दादा, हलू नका, खोकू नका, टाके तुटतील." सिस्टर येऊन त्यांना उठवून बसवायच्या. त्या गेल्या की आम्ही पुन्हा आडवं करायचो. चौथ्या दिवशी ताप चढला, धाप लागली. न्यूमोनिया! दादा वाचले, पण दवाखान्यात अठरा दिवस जास्त काढून. चूक आमची होती. त्या दिवसांत जे विचारून समजून घेतलं, तेच आज मांडतो.

पहिला प्रश्न असा, की चाकू लागला पोटाला, मग फुप्फुसाचा काय संबंध? छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा आहे, श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुप्फुसात हवा भरते. बेंबीच्या वर चीर पडली, की हा पडदा काही दिवस नीट हलत नाही. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग फुप्फुसाच्या तळाशी असलेल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटतात. खरं तर पूर्ण भूल दिल्यावर दहातल्या जवळजवळ नऊ जणांत थोडा भाग मिटतोच, आणि बहुतेकांचा पुन्हा उघडतो. जिथे उघडत नाही तिथे कफ साचतो आणि जंतूंना घर मिळतं. लंडनच्या विल्यम पाश्चर या डॉक्टरांनी पोटाच्या ऑपरेशननंतर असं फुप्फुस मिटण्यावर १९१० सालीच लिहिलं होतं. रेबीजच्या लसीचे पाश्चर वेगळे, बरं का.

धोका कुणाला जास्त? वय झालेले, बिडी-सिगारेट ओढणारे, दम्याचे आणि जुन्या खोकल्याचे रुग्ण, आणि ज्यांचं ऑपरेशन तातडीचं किंवा लांबलेलं आहे ते. बारामतीकरांना आठवत असेल, एप्रिल २०२१ मध्ये शरद पवारसाहेबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन मुंबईत दुर्बिणीतून झालं. दुर्बिणीत छेद लहान, दुखणं कमी, त्यामुळे श्वास लवकर मोकळा होतो. आतडं फुटल्यावर मात्र पुष्कळदा पोट उघडावंच लागतं.

मग करायचं काय? ऑपरेशन ठरलेलं असेल तर निदान चार आठवडे आधी बिडी सोडा. श्वासाचे व्यायाम आधीच शिकून घ्या. नंतर दुखत असेल तर सोसत बसू नका, सांगा. दुखणं कमी झालं तरच खोल श्वास घेता येतो. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरा. तीन चेंडूंचा तो डबा देतात ना, तो फुंकायचा नाही, हवा आत ओढायची. डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर उठून बसा, चार पावलं चाला. तोंड स्वच्छ ठेवा. आणि 'तोंडाने काही नाही' असं सांगितलं असताना मायेपोटी चोरून चहा पाजू नका. उलटी होऊन तो फुप्फुसात जाऊ शकतो. ताप, धाप किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला, तर लगेच सिस्टरना बोलवा.

आता आमच्या विषयाचं थोडं. हृदयाला आपण 'जोरात चाल' असं सांगू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या सांगण्यानेही चालतो. म्हणून सर्जनचं काम संपल्यावर रुग्णाचं सुरू होतं, आणि घरच्यांचंही. 'पडून राहा' म्हणणं सोपं, त्यात माया दिसते. कण्हणाऱ्या माणसाला हात देऊन उठवणं अवघड, पण खरी काळजी तीच. आम्हांला हे उशिरा कळलं, तुम्हांला वेळेवर कळावं.

आता कुणाचे प्रश्न असतील तर अवश्य विचारा.