शब्द १९७६चा, व्यवस्था १९५०ची

२६ जानेवारी जवळ आला की शहापूर-मुरबाडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. भारत मुळात धर्मनिरपेक्ष नव्हताच, आणीबाणीत तो शब्द गुपचूप घुसवला, बाबासाहेबांनी तर त्याला विरोध केला होता, तेव्हा शब्द काढला की देश आपोआप मूळ पदावर येईल, असा त्याचा ठरलेला आशय. चांगले शिकलेसवरलेले लोक तो पुढे ढकलतात आणि वर विचारतात, “यात खोटं काय आहे?” यातलं अर्धं खरं आहे. निस्तरायला वेळ लागतो तो त्यामुळेच.

खरं आहे तेवढं आधी मान्य करू. ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे दोन शब्द उद्देशिकेत आले ते १९७६ साली, ४२व्या घटनादुरुस्तीने. ३ जानेवारी १९७७ पासून ते लागू झाले. तेव्हा आणीबाणी होती आणि विरोधी पक्षांचे कितीतरी नेते तुरुंगात होते. शाळेत पोरं परिपाठाला उद्देशिका म्हणतात, तिच्यात हे शब्द आहेत आणि तारीख मात्र २६ नोव्हेंबर १९४९चीच आहे. यावर आक्षेप घ्यायला जागा आहे आणि तो घेतलाही गेला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार उद्देशिकेलाही लागू आहे आणि त्या जुन्या तारखेने तो आटत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आणखी एक गोष्ट हा मजकूर सोयीने गाळतो. आणीबाणी उठल्यावर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारने १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने आणीबाणीतलं बरंच काही उलटवलं. हे दोन शब्द मात्र ठेवले.

आता चुकीचा भाग. शब्द नव्हता म्हणजे गोष्टच नव्हती, हे कुठलं तर्कशास्त्र? कुळाचं नाव सातबाऱ्यावर उशिरा चढलं म्हणून त्याआधी तो जमीन कसतच नव्हता, असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. १९५० सालच्या घटनेत काय होतं ते बघा. कलम १५ आणि १६ : धर्मावरून सरकार भेदभाव करणार नाही, तलाठ्यापासून सचिवापर्यंत कुठल्याही सरकारी नोकरीत धर्म आडवा येणार नाही. कलम २५ : प्रत्येकाला आपापला धर्म पाळण्याची मोकळीक. कलम २७ : एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी म्हणून कर भरायला कोणावरही सक्ती करता येणार नाही. कलम २८ : जी शाळा संपूर्ण सरकारी पैशावर चालते, तिथे धर्मशिक्षण द्यायचं नाही. कलम ३२५ : मतदारयादी सगळ्यांची एकच. यातलं एकही कलम आणीबाणीत जन्मलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या केशवानंद भारती निकालातही घटनेच्या मूलभूत चौकटीची उदाहरणं देताना तिच्या धर्मनिरपेक्ष स्वरूपाचा उल्लेख आहे. निकालाची तारीख २४ एप्रिल १९७३. आणीबाणी लागायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता.

एवढ्यावर पटत नसेल तर आपल्याच तालुक्याकडे बघा. शहापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि शेजारचा मुरबाड खुला. शहापुरात उमेदवार आदिवासी असावा लागतो, पण त्याला मत कुणबी, आगरी, मुसलमान, बौद्ध सगळे एकाच यादीतून देतात. ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. इंग्रजांनी १९०९ साली मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले आणि पुढे ही पद्धत वाढवत नेली. स्वतंत्र भारताने ती बंद केली. घटनेच्या पहिल्या मसुद्यात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा तरी होत्या. वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या सल्लागार समितीच्या अहवालावरून मे १९४९मध्ये त्याही काढल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राहिल्या, त्या मागासलेपणाच्या आधारावर. सत्तेची वाटणी धर्मावर होणार नाही, हे तिथेच ठरलं. त्या निर्णयाचं फळ शहापूरकर दर निवडणुकीत हाताळतात.

आणि देवाचं काय झालं? हा प्रसंग तर शाळेत शिकवायला हवा. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. हरि विष्णू कामथ यांनी सुचवलं की सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, देवच घ्यायचा तर आमच्या देवीला का वगळता? पट्टम थाणू पिल्लई यांचा मुद्दा असा की यातून श्रद्धेची सक्ती होते. हृदयनाथ कुंझरूंनीही विरोध केला. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं की देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. कामथ मागे हटले नाहीत. हात वर झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. सूचना पडली. विरुद्ध मत देणाऱ्यांमध्ये देव मानणारे कमी नव्हते. पण आपली श्रद्धा राज्याच्या पहिल्या ओळीत नको, एवढं त्यांना कळत होतं. हे सगळं संविधान सभेच्या छापील कामकाजात आहे, ज्याला शंका असेल त्याने उघडून वाचावं.

त्याच वर्षी, मार्च १९४९मध्ये, पाकिस्तानच्या संविधान सभेने आपला उद्दिष्टांचा ठराव केला. सार्वभौमत्व अल्लाचं, अशी त्याची सुरुवात आहे. दोन शेजाऱ्यांनी सात महिन्यांच्या अंतराने एकाच प्रश्नाला दोन उलट उत्तरं दिली. ‘फाळणी धर्मावर झाली, मग तिकडे तसं तर इकडे असं’ हा युक्तिवाद इथेच संपतो. आपल्या संविधान सभेने आपला उद्दिष्टांचा ठराव २२ जानेवारी १९४७ला, फाळणीच्या आधीच, मंजूर केला होता आणि त्यातली सत्ता लोकांकडून येते. फाळणी झाल्यावर सभेला ही भूमिका बदलता आली असती. तिने बदलली नाही.

राहिला बाबासाहेबांचा ‘विरोध’. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांनी कलम १मध्ये ‘सेक्युलर, फेडरल, सोशॅलिस्ट’ हे शब्द घालण्याची सूचना मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. मजकूर इथे थांबतो. पुढचं वाचायला नको का? आंबेडकरांच्या उत्तराचा सगळा भर समाजवादावर आहे. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, ते घटनेत जखडू नये, आणि तसंही मार्गदर्शक तत्त्वांत ते आलेलंच आहे, असं ते म्हणतात. सरकारने एखादा धर्म धरावा, असा त्यात एक शब्द नाही. धर्मावरून भेदभावाला बंदी घालणारी कलमं ज्या मसुद्यात होती, तो मसुदा सभेपुढे ठेवणाऱ्या माणसाला धर्मनिरपेक्षतेचा विरोधक ठरवायचं, याला धाडस लागतं.

आता फुटकळ गैरसमज, एकेका दमात.

गैरसमज : मूळ प्रतीत राम-सीतेचं चित्र आहे, म्हणजे हे हिंदू राष्ट्र.
वस्तुस्थिती : चित्र आहेच. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलेल्या त्याच प्रतीत बुद्ध, महावीर, अकबर, शिवाजी महाराज, गुरू गोविंदसिंग, लक्ष्मीबाई आणि टिपू सुलतानही आहेत. चित्रांवरून राष्ट्र ठरवायचं तर सगळी चित्रं मोजा.

गैरसमज : आदिवासीने धर्म बदलला की दाखला रद्द.
वस्तुस्थिती : वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पाड्यांवर ही भीती मुद्दाम पेरली जाते. धर्माची अट अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात आहे (हिंदू; १९५६पासून शीख, १९९०पासून बौद्धही). अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. धर्मांतरानंतरही माणूस जमातीचाच राहिला आहे का, जमात त्याला आपला मानते का, हे मात्र तपासता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली केरळच्या एका खटल्यात स्पष्ट केलं.

गैरसमज : पेसा म्हणजे आदिवासींचं धर्मराज्य, बाकीच्यांना गावात आवाज नाही.
वस्तुस्थिती : शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६चा पेसा कायदा सांगतो की पंचायतीचे नियम तिथल्या रूढी आणि धार्मिक प्रथांशी जुळते असावेत. म्हणजे गावदेवाच्या जागेबद्दल ग्रामसभेला बोलता येतं. पण गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सभासद असतो, मग त्याचा देव कोणताही असो.

गैरसमज : धर्मनिरपेक्ष सरकारने म्हशाच्या जत्रेवर पैसा खर्चणं घटनाबाह्य.
वस्तुस्थिती : पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ एवढी माणसं आणि गुरं जमणार असतील तर पाणी, रस्ता, दवाखाना, बंदोबस्त हे सरकारचं कामच आहे. कलम २७ अडवतं ते धर्मप्रसारासाठी लादलेल्या कराला.

गैरसमज : स्वातंत्र्यलढा धर्माच्या राज्यासाठी होता.
वस्तुस्थिती : २ जानेवारी १९४३ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर पडले ते ‘चले जाव’च्या लढ्यात. त्यांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडत होता, इंग्रजांची रसद तोडायला.

भारताने धर्माधारित राष्ट्र व्हावं असं कोणाला वाटत असेल तर त्याने तसं उघड म्हणावं, त्यावर वाद घालता येईल. मात्र ते संविधानकर्त्यांच्या नावावर खपवू नये. त्यांनी हा प्रश्न टाळला नव्हता, त्यावर मतं मोजून निर्णय दिला होता. शिवाय उद्देशिकेतला शब्द उद्या खोडला तरी १५, १६, २५, २७, २८ आणि ३२५ ही कलमं जागच्या जागी राहतील. पुढच्या २६ जानेवारीला मजकूर पुढे ढकलण्याआधी निदान ही सहा कलमं तरी वाचा.