लोकहित आणि वध
वाराणसीत ७ मार्च २००६ रोजी संकटमोचन मंदिरात व रेल्वे स्थानकावर बॉम्बस्फोट झाले. स्थानिक वकिलांनी आरोपीचे वकीलपत्र नाकारल्याने खटला गाझियाबादला हलवावा लागला आणि फाशीची शिक्षा जून २०२२ मध्ये सुनावली गेली. असा विलंब पाहून गुन्हेगाराला चकमकीत, म्हणजे खटल्याविना पोलिसांच्या गोळीने, संपवणे लोकहिताचे वाटू लागते. परंतु मरणारा खरोखरच गुन्हेगार होता हे ठरवण्याचे साधन खटल्यावाचून दुसरे नाही, म्हणून असा वध न्याय्य म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये फाशीदेखील ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती, म्हणजे जन्मठेप निःसंशय अपुरी ठरेल तेथेच, मर्यादित केली आणि २०१४ मध्ये, मुंबईतील चकमकींसंबंधीच्या निकालात, चकमकीतील प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी बंधनकारक केली.