गोदावरीचा गाळ आणि समुद्रतळाखाली गोठलेला वायू

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी आणि महाबळेश्वरहून निघणारी कृष्णा, या दोन्ही नद्या दख्खनच्या काळ्या कातळाची झीज वाहून नेत बंगालच्या उपसागराला मिळतात. नदी तिथे संपते, पण गाळाचा प्रवास चालूच राहतो. आंध्रच्या किनाऱ्यापुढे तो समुद्राच्या उतारावरून खोल उतरतो आणि थरावर थर साचत जातो. २००६ साली भारताच्या राष्ट्रीय वायू हायड्रेट मोहिमेला याच गाळात, सुमारे हजार मीटर पाण्याखाली, मिथेन हायड्रेट असलेला तब्बल १२८ मीटर जाडीचा पट्टा सापडला. हा साठा नेमका तिथेच का झाला, याचे उत्तर बऱ्याच अंशी गाळातच दडलेले आहे.

मिथेन हायड्रेट दिसायला बर्फासारखे असते. पाण्याच्या रेणूंचे पिंजरे आणि त्यांत कोंडलेले मिथेनचे रेणू, अशी त्याची रचना. काडी लावली तर ते पेटते. एक घनमीटर हायड्रेट विरघळले, की सुमारे १६४ घनमीटर वायू मोकळा होतो. ते टिकायला थंडी आणि दाब दोन्ही हवेत. हजार मीटर खोलीवर दाब वातावरणाच्या सुमारे शंभरपट असतो आणि पाणीही चांगलेच थंड असते. मात्र समुद्रतळाच्या खाली जावे तसे तापमान वाढते, साधारण किलोमीटरमागे तीसएक अंशांनी. त्यामुळे एका मर्यादेखाली हायड्रेट टिकूच शकत नाही.

थंडी आणि दाब जगातल्या बहुतेक खोल समुद्रांत आहेत, तरी हायड्रेट सगळीकडे नाही. कारण मिथेन पुरेसा तयार व्हावा लागतो, आणि तिथे गाळ साचण्याचा वेग निर्णायक ठरतो. गाळाबरोबर वनस्पतींचे अवशेष आणि मेलेले सूक्ष्मजीव तळाशी येतात. गाळ फार संथ साचला, तर हे सेंद्रिय द्रव्य वरच्या वरच कुजून संपते. भराभर साचला, तर ते गाडले जाऊन सुरक्षित राहते. पुढे जिथे गाळातल्या पाण्यातले सल्फेट संपते, तिथून खाली मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. मात्र नुसत्या मातीचाच मारा फार झाला, तर सेंद्रिय अंश विरळ होतो आणि मिथेनही कमी पडतो.

साचणारा गाळ हायड्रेटची जागाही बदलतो. प्रत्येक नवा थर म्हणजे आधीच्या थरांवर घातलेली आणखी एक गोधडी. कालांतराने खालचे थर तापतात आणि हायड्रेट टिकण्याची मर्यादा गाळासोबत वर सरकते. मर्यादेखाली गेलेले हायड्रेट फुटते, सुटलेला वायू वर चढतो आणि थंड थरांत पुन्हा गोठतो. लाखो वर्षे चाललेल्या या फेऱ्यामुळे कित्येक ठिकाणी मर्यादेच्या लगतच वर साठा दाट होतो.

गाळाच्या कणांचा आकारही तितकाच महत्त्वाचा. बारीक चिकणमाती वेगाने साचली, की तिच्यातले पाणी बाहेर पडायला वाव मिळत नाही. आतला दाब वाढतो, थर चिरतात आणि त्या भेगांमध्ये हायड्रेट भरते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात नेमके हेच दिसले. खोदकामात वर आलेल्या नमुन्यांवर जहाजावर लगेच अवरक्त कॅमेरा फिरवला जातो. विरघळताना हायड्रेट उष्णता शोषते, म्हणून ते असेल तिथे थंड डाग उमटतो. तेवढा तुकडा कापून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. समुद्रतळाचा दाब कायम ठेवून वर आणलेल्या नमुन्यांच्या क्ष-किरण चित्रांत मातीतून गेलेल्या हायड्रेटच्या शिरा स्पष्ट दिसल्या. साठा मातीत सर्वत्र सारखा पसरला आहे असे धरून विद्युत्-रोधावरून काढलेले अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार मोठे निघाले, ते याच भेगांमुळे.

२००६ च्याच मोहिमेत केरळ-कोकण किनाऱ्यापुढच्या विवरात चुनखडीयुक्त गाळ मिळाला, हायड्रेट मात्र मिळाले नाही. अंदमानजवळ ते ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत आढळले. तिथे तळाखालची उष्णता सावकाश वाढते, म्हणून हायड्रेट सुमारे ६०० मीटर खोलीपर्यंत टिकू शकते. २०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या अधिक खोल भागात वाळूच्या थरांतले साठे हाती लागले. वायू काढण्याच्या दृष्टीने हेच जास्त आशादायक आहेत, कारण वाळूतून तो वाहू शकतो. चिकणमाती त्याला सहज वाट देत नाही.

पण वाळूचेही दुखणे आहे. २०१३ मध्ये जपानने नानकाई खोऱ्यात समुद्राखालच्या हायड्रेटमधून वायू काढून दाखवला, पण सहा दिवसांतच विहिरीत वाळू शिरली आणि चाचणी थांबवावी लागली. हायड्रेट काढून घेतले की सैल गाळाला धरून ठेवणारा आधारच जातो. शिवाय मिथेन हवेत निसटला, तर वीस वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो.

आजवर जगात कुठेही समुद्रतळाच्या हायड्रेटमधून व्यापारी उत्पादन सुरू झालेले नाही. आपल्याकडे या साठ्याचे आकडे सांगताना उत्साहाला भरते येते. त्याऐवजी गाळाचा वेग, कण, भेगा आणि ताकद यांच्या दीर्घ अभ्यासाला पैसा आणि माणसे मिळायला हवीत. गाळ नीट समजल्याशिवाय या वायूला हात लावू नये.