सूची कशाची करावी, कशाची नको?

शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. मूल शाळेत दाखल झाले की पुढच्या क्रमांकावर त्याची नोंद होते. तीस वर्षांपूर्वीचा एखादा विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला येतो. त्याला रजिस्टर क्रमांक माहीत असेल तर काम दोन मिनिटांचे. पण बहुतेकांना आठवते ते फक्त स्वतःचे नाव. मग पाने उलटत बसावे लागते आणि नोंद सापडली नाही तर त्याचा अर्ज अडतो.

समजा, रजिस्टरची २०० पाने आहेत व प्रत्येक पानावर २० नोंदी, म्हणजे एकूण ४,००० नोंदी आहेत. एक नाव शोधायला सरासरीने १०० पाने चाळावी लागतील. ‘नोंद नाही’ असे खात्रीने सांगायचे तर सर्व २००. आता एखाद्या सुट्टीत आपण सर्व नावांची अकारविल्हे यादी केली व प्रत्येक नावापुढे रजिस्टर क्रमांक लिहिला तर? यादी मधोमध उघडायची, हवे ते नाव त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे ते पाहायचे आणि नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा. २ चा १२ वा घात ४,०९६ आहे. म्हणून अशा १२ तुलनांत नाव सापडते, किंवा ते नाही हे कळते.

संगणकातील डेटाबेसमध्ये हीच यादी ‘इंडेक्स’, म्हणजे सूची, या नावाने ओळखली जाते. संगणकाला सारे आपोआप सापडते असा आपला समज असतो. पण सूची नसेल तर तोही बिचारा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जातो. तो भराभर वाचतो, एवढाच फरक.

संगणकातील सूचीची रचना मात्र साध्या यादीहून थोडी वेगळी असते. बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतील रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांचा ‘बी-ट्री’ या रचनेवरील निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात सूचीचीही सूची असते. समजा, सूचीच्या एका पानावर २०० नोंदी मावतात. पहिले पान पुढची २०० पाने दाखवते. त्यांतील प्रत्येक पान आणखी २०० पाने दाखवते. तिसऱ्या पायरीवर २०० × २०० × २०० म्हणजे ८० लाख नावे होतात. ८० लाखांतून एक नाव शोधायला सूचीची फक्त तीन पाने आणि मूळ नोंदीचे एक पान वाचावे लागते!

मग प्रत्येक रकान्याची सूची का करू नये? कारण सूची फुकट मिळत नाही. पाच सूच्या असतील तर नवे मूल दाखल होताच रजिस्टरात एकदा आणि सूच्यांत पाच वेळा, असे सहा ठिकाणी लिहावे लागेल. शिवाय जागा लागते ती वेगळीच. म्हणून कोणते प्रश्न वारंवार विचारले जातात हे आधी पाहावे आणि मग सूची निवडावी.

निवडताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, सूचीने बरेच काही वगळता आले पाहिजे. ‘मुलगा की मुलगी’ या रकान्याची सूची घ्या. निम्म्या नोंदी मुलींच्या असतील तर सूचीवरून २,००० वेळा रजिस्टर उघडावे लागेल. त्यापेक्षा २०० पाने सरळ वाचलेली बरी.

दुसरी, रकान्यांचा क्रम. सूची ‘आडनाव, मग नाव’ अशी लावली तर सारे जाधव एकत्र मिळतील आणि त्यांतील सुनंदाही चटकन सापडेल. पण फक्त ‘सुनंदा’ एवढेच माहीत असेल तर ही सूची कामाची नाही, कारण सुनंदा प्रत्येक आडनावात विखुरलेल्या आहेत.

तिसरी, प्रश्न सूचीच्या क्रमाशी जुळावा लागतो. ‘कुल’ने सुरू होणारी आडनावे सूचीत एकत्र असतात, परंतु ‘कर’ने संपणारी नसतात. जन्मतारखांच्या सूचीतून १ जून १९८५ ते ३१ मे १९८६ या काळात जन्मलेली मुले लगेच मिळतील. मात्र ‘कोणत्याही वर्षी जून महिन्यात जन्मलेली’ मुले मिळणार नाहीत, कारण ती दर वर्षी थोडी थोडी अशी पसरलेली असतात.

सूची केली म्हणून संगणक ती वापरतोच असेही नाही. आयबीएममधील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली एक पद्धत मांडली. सूचीने जायचे की सरळ वाचायचे, दोन्हींचा खर्च अंदाजाने मोजायचा आणि स्वस्त मार्ग घ्यायचा, अशी ती आहे. मुलींच्या उदाहरणात आपण हेच केले.

वर्गात करून पहा : वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव, आडनाव, जन्मतारीख व गाव एकेका कार्डावर लिहा आणि कार्डे हजेरी क्रमांकाने लावा. एक गट सूचीशिवाय व दुसरा सूची करून दहा प्रश्नांची उत्तरे शोधील. किती कार्डे उलटली ते दोघांनी मोजावे. मग पाच नवी कार्डे द्या आणि पुन्हा मोजा. या वेळी दुसऱ्या गटाला सूचीही नीट करावी लागेल. शेवटी मुलांनाच विचारा : आपल्या शाळेसाठी दोनच सूच्या करायच्या असतील, तर त्या कोणत्या, आणि का?