वैद्याचा आठवडा : धावण्याचा व्यायाम व नकाशाधावन

रुग्णास व्यायाम सांगताना वैद्याची वाणी कधी अडखळत नाही. अग्नीची दीप्ती, शरीराचे लाघव, मेदाचा क्षय, कर्म करण्याचे सामर्थ्य हे व्यायामाचे गुण आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून जाणतो आणि स्थौल्याच्या वा प्रमेहाच्या रुग्णास ते दिवसातून अनेकदा ऐकवतोही. तथापि सकाळी दहा ते दीड व सायंकाळी सहा ते साडेनऊ खुर्चीवर बसणारा चिकित्सक आणि सकाळपासून रात्री दुकानाचे शटर ओढेपर्यंत काउंटरमागे उभा राहणारा औषधविक्रेता यांचा स्वतःचा व्यायाम पाहू गेल्यास चित्र फारसे समाधानकारक दिसत नाही. उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. ज्या शारीरिक चेष्टेने स्थैर्य येते व बल वाढते, जी मनास इष्ट वाटते आणि जी मात्रेने केली जाते, तिलाच चरकाचार्यांनी व्यायाम म्हटले आहे.

'वेळ मिळत नाही' हे कारण आम्ही खोटे मानत नाही. दोन वेळच्या बाह्यरुग्ण विभागात विभागलेला दिवस खरोखरच चमत्कारिक असतो. दुपारी दोन ते पाच मोकळीक असते, परंतु ती भोजनोत्तर असते व बाहेर ऊन असते. सायंकाळ रुग्णांची असते. रात्री दहाच्या पुढे जेवण होते. उरते ती केवळ पहाट आणि तिच्यावर घरातील सर्वांचा आधीच हक्क असतो. मुलांची शाळेची बस, डबे, दूध, वृद्ध आईवडिलांचा चहा व औषधे ही सर्व कामे त्याच दीड तासात येतात. म्हणून आठवड्याची आखणी 'रोज पहाटे पाचला उठून एक तास धावेन' अशा संकल्पाने करणे आम्हांस व्यवहार्य वाटत नाही. असा संकल्प आठ दिवस टिकतो, नवव्या दिवशी घरातील कोणीतरी तक्रार करते आणि ती तक्रार बहुधा रास्त असते.

आम्ही व आमचे काही व्यवसायबंधू जी आखणी पाळतो ती तीन दिवसांची आहे. मंगळवारी पस्तीस मिनिटे, गुरुवारी चाळीस मिनिटे आणि रविवारी पंचाहत्तर मिनिटे, असे एकूण दीडशे मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत आठवड्यास मध्यम तीव्रतेचा १५० ते ३०० मिनिटे अथवा अधिक तीव्रतेचा ७५ ते १५० मिनिटे व्यायाम सांगितला आहे. त्या मापाने ही मात्रा अपुरी नाही. सोमवार आम्ही मुद्दाम मोकळा ठेवतो, कारण रविवारचा शीण असतो आणि त्या दिवशी रुग्णांची गर्दीही अधिक असते. उर्वरित दिवशी चालणे, जिने चढणे व घरचे काम पुरे.

येथे एक हिशेब स्पष्ट करणे आवश्यक आहे. पस्तीस मिनिटांचे धावणे हे प्रत्यक्षात सव्वा तासाचे काम असते. मलमूत्रविसर्जन, मुखप्रक्षालन, कपडे, नंतर स्वेद निवेपर्यंतचा विश्राम, वाग्भटाचार्यांनी व्यायामानंतर सांगितलेले सर्वांगाचे सुखकर मर्दन आणि स्नान हे सर्व त्यात मोजावे लागते. धावून आल्याबरोबर घाईने अंगावर पाणी ओतून दवाखान्यात बसणे हा व्यायामाचा उत्तरार्ध गाळणे होय. मर्दनास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कापण्यापेक्षा धावणे पाच मिनिटांनी आखूड करावे, असे आमचे मत आहे.

मात्रेविषयी शास्त्राचा आदेश अर्धशक्तीचा आहे. तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यास आणि शीत व वसंत ऋतूंतच. अन्य ऋतूंत त्याहून कमी. ही अर्धशक्ती ओळखायची कशी? सुश्रुताचार्यांनी याचे जे लक्षण दिले आहे, ते आजच्या क्रीडाप्रशिक्षकासही मान्य व्हावे असे आहे. व्यायाम करता करता हृदयस्थानीचा वायू मुखाने येऊ लागला की बलार्ध झाले. ललाट, नासिका व कक्षा येथे स्वेद येणे आणि मुखशोष हीही लक्षणे सांगितली जातात. आधुनिक प्रशिक्षक 'शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे' अशी जी कसोटी लावतात, ती याच तत्त्वाची दुसरी बाजू आहे. अतिव्यायामाचे तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, कास, ज्वर, छर्दी हे परिणाम आपणांस पाठ आहेत. मात्र अतिव्यायामासोबत त्याच श्रेणीत रात्रीचे जागरण, दूरचा प्रवास आणि अतिभाषण यांचीही गणना केली आहे, इकडे फारसे लक्ष जात नाही. दिवसभर रुग्णांशी बोलणारा आणि रात्री उशिरा झोपणारा वैद्य पहाटे धावू लागला म्हणजे या यादीतील तीन गोष्टी त्याच्या एका दिवसात एकत्र येतात. तरुण वैद्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

याच कारणास्तव आदल्या रात्रीचा आहार ही आमच्या आखणीतील पहिली अट आहे. मंगळवार व गुरुवारच्या आधीच्या रात्री जेवण लघु असावे आणि शक्यतो सायंकाळच्या रुग्णांपूर्वी काही खाऊन घ्यावे, म्हणजे रात्री दहाला पोट भरण्याची वेळ येत नाही. पहाटे उठल्यावर जीर्णाहाराची लक्षणे पाहावीत. उद्गार शुद्ध आहे काय, वेगांची प्रवृत्ती यथोचित झाली काय, शरीरात लाघव व उत्साह आहे काय? नसल्यास त्या दिवशी धावू नये, चालून यावे. अजीर्णात व्यायाम वर्ज्य आहे, हे आपणच रुग्णास सांगत असतो. रात्री तातडीच्या रुग्णासाठी जागरण घडले असेल तर जागरणाच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, ही शास्त्राज्ञा धावण्यापेक्षा श्रेष्ठ मानावी.

आता रविवारविषयी. एकाच रस्त्यावर एकाच गतीने धावण्याचा कंटाळा येतो व काही महिन्यांत व्यायाम सुटतो, हा बहुतेकांचा अनुभव आहे. यावर स्कॅन्डिनेव्हियातील एक क्रीडाप्रकार आम्हांस फार उपयुक्त वाटतो. त्याचे नाव ओरिएंटीयरिंग. आपण त्यास नकाशाधावन म्हणू. हातात तपशीलवार नकाशा व होकायंत्र घेऊन रानात ठरवून दिलेली ठिकाणे क्रमाने शोधत धावायचे असते. मार्ग आखलेला नसतो, तो ज्याचा त्याने निवडायचा. लष्करी शिक्षणातून हा प्रकार पुढे आला. नॉर्वेमध्ये ऑस्लोजवळ १८९७ साली त्याची पहिली सार्वजनिक स्पर्धा झाली. स्वीडनमध्ये मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवून त्यास लोकप्रियता मिळवून दिली. १९६१ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९६६ साली फिनलंडमध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

नकाशावर प्रारंभ त्रिकोणाने, शोधावयाची ठिकाणे वर्तुळांनी व शेवट दुहेरी वर्तुळाने दाखवितात. प्रत्यक्ष जागी नारिंगी-पांढरा ध्वज असतो. पांढरा रंग म्हणजे सहज धावता येणारे अरण्य, गडद हिरवा म्हणजे शिरता न येणारी झाडी, पिवळा म्हणजे मोकळे माळ, तपकिरी म्हणजे समोच्चरेषा. अरण्यातील स्पर्धांचे नकाशे १:१५००० वा १:१०००० प्रमाणाचे असतात. म्हणजे १:१०००० च्या नकाशात एक सेंटीमीटर हे शंभर मीटर होतात.

या खेळातील वैद्यकीय दृष्ट्या मोलाची गोष्ट निराळीच आहे. कसलेले स्पर्धक सोडल्यास सामान्य मनुष्य पूर्ण शक्तीने धावताना नकाशा वाचू शकत नाही. श्वास मुखाने येऊ लागला की रेषा दिसतात, पण अर्थ लागत नाही, आणि दिशा चुकते. चुकल्यास थांबावे लागते, आजूबाजूस पाहावे लागते. अर्धशक्तीची मर्यादा येथे उपदेशाने पाळावी लागत नाही, खेळच ती पाळावयास लावतो. शिवाय बुद्धी गुंतलेली असल्याने दवाखान्याचे हिशेब तासभर तरी डोक्यातून जातात.

दुसरे महत्त्व कुटुंबाच्या दृष्टीने आहे. उत्तर युरोपात हा खेळ नोकरी व संसार सांभाळून खेळणाऱ्यांचा आहे. क्लबांचे सराव आठवड्यातील एखाद्या सायंकाळी होतात व स्पर्धा बहुधा सुट्टीच्या दिवशी. लहान मुले असलेल्या पतिपत्नींना प्रारंभाच्या वेगळ्या वेळा देण्याची तेथे रूढ पद्धत आहे. आधी एकाने धावून यावे, तोवर दुसऱ्याने मुले सांभाळावीत, मग अदलाबदल. अगदी लहान मुलांसाठी फीत वा दोरी बांधून एक छोटा मार्ग आखतात व मूल त्या दोरीच्या कडेने ठिकाणे शोधत जाते. स्वीडनमधील ओ-रिंगेन हा १९६५ पासूनचा वार्षिक सोहळा तर अनेक कुटुंबांची उन्हाळी सुट्टीच असतो.

ही प्रारंभवेळांच्या विभागणीची कल्पना आमच्या मते संपूर्ण आठवड्यास लागू करावी. मंगळवार-गुरुवार पतीचे असतील तर बुधवार-शुक्रवार पत्नीचे असावेत आणि त्या दिवशी डबे व शाळेची बस पतीकडे. अनेक वैद्यभगिनी दवाखाना आणि स्वयंपाकघर दोन्ही चालवितात. त्यांना 'आपणही चालत जा' असे सांगून पहाटेचे काम तसेच त्यांच्याकडे ठेवणे यास चिकित्सा म्हणता येणार नाही. औषधविक्रेत्या बंधूंचे दुकान रविवारी सकाळी उघडे असल्यास त्यांनी साप्ताहिक सुट्टीचा जो वार असेल तो धरावा. मुलांना सुट्टी नसेल तर त्या दिवशी मुलांना शाळेत पोहोचवून मगच निघावे.

आपल्याकडे अशा खेळाचे नकाशे सहज मिळत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०००० चे पत्रक सह्याद्रीतील भ्रमंतीस उत्तम, परंतु त्यात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, त्यामुळे धावण्याच्या खेळास ते अपुरे पडते. यावर उपाय म्हणजे नकाशा स्वतः काढणे. आयुर्वेद महाविद्यालयाचे आवार, वनौषधी उद्यान, गावाबाहेरची टेकडी यांपैकी परवानगी मिळेल अशी जागा निवडावी. १:४००० प्रमाण घेतल्यास सहाशे मीटर लांब व चारशे मीटर रुंद जागा पंधरा सेंटीमीटर बाय दहा सेंटीमीटर कागदावर बसते. उपग्रहचित्र खाली धरून पायवाटा, कुंपणे, विहिरी, मोठे खडक उतरवून घ्यावेत आणि मग प्रत्यक्ष फिरून दुरुस्त करावेत. हे काम शनिवारी रात्री मुलांसह करण्यासारखे आहे. धावताना नकाशा नेहमी उत्तरेशी जुळवून धरावा व आपण जेथे आहोत तेथे अंगठा ठेवावा. शंभर मीटर मोजून त्यात आपली किती पावले पडतात हे एकदा ठरवून घ्यावे.

ध्वजांच्या ऐवजी आम्ही वनस्पती योजतो. नकाशावर आठ वर्तुळे आणि सोबतच्या चिठ्ठीवर क्रमाने अर्जुन, कुटज, सप्तपर्ण, बिभीतक, निर्गुंडी अशी नावे. त्या ठिकाणी जाऊन वनस्पती ओळखायची, पान न तोडता चिन्ह नोंदवायचे व पुढे जायचे. फाल्गुनात पळस दुरूनच दिसतो, तेव्हा तो पहिल्या फेरीतील नवख्यांस द्यावा. निर्गुंडीसाठी मात्र जवळ जाऊन पान पाहावे लागते. द्रव्यगुणाची उजळणी यात आपोआप होते. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसही हा प्रकार आवडतो.

ऋतूचा विचार सोडून चालणार नाही. हेमंत, शिशिर व वसंत हाच आपल्या प्रदेशात या खेळाचा खरा काळ. ग्रीष्मात व्यायाम व ऊन, वर्षाऋतूत आयास वर्ज्य सांगितले आहेत. आम्ही त्याचा अर्थ पूर्ण विराम असा न घेता धावण्याच्या जागी सावकाश चालणे असा घेतो. शरदात ऑक्टोबरचे ऊन व पित्तप्रकोप लक्षात घेऊन सूर्य वर येण्यापूर्वी परतावे. वातपित्तप्रधान व्याधी असणाऱ्यांनी आणि वृद्धांनी धावू नये. चाळिशीनंतर नव्याने प्रारंभ करणाऱ्यांनी रक्तदाब व हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. इन्सुलिन वा शर्करा उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी आपल्या चिकित्सकाच्या सल्ल्याविना उपाशीपोटी निघू नये व खिशात साखर ठेवावी. धावताना छातीत दडपण, घेरी वा असाधारण श्वास जाणवल्यास तेथेच थांबून रुग्णालय गाठावे.

टेकडीवर जाताना पाणी, शिट्टी व भ्रमणध्वनी बरोबर असावा. मिनिटास सहा शिट्ट्या हा संकटाचा संकेत आहे, तो मुलांनाही शिकवावा. आग्या मोहोळ असलेला कडा नकाशावर लाल रेघ मारून वर्ज्य दाखवावा. या खेळात एक नियम सर्वत्र कडकपणे पाळला जातो : ठिकाणे सापडोत वा न सापडोत, प्रत्येकाने शेवटच्या जागी येऊन आपण परतल्याची नोंद केलीच पाहिजे, अन्यथा लोक शोधावयास बाहेर पडतात. एकट्याने जाणाऱ्यांनी तोच नियम घरी लावावा. निघताना कोणत्या बाजूस जात आहोत व किती वाजता परतू, हे दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि आल्यावर ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने काढावी.