घरातला पैसा आणि घरातला छळ

घरगुती छळ म्हटले की मारहाणच डोळ्यांसमोर येते. अंगावर वळ दिसत नाहीत तोवर सगळे ठीक आहे, असे आपण धरून चालतो. आम्ही उभी नोकरी बँकेत काढली. तिथे छळाचा एक वेगळा प्रकार दिसायचा. प्रश्न बायकोला विचारला तरी उत्तर नवरा देतो. पगार तिचा, पण एटीएम कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या खिशात. कोऱ्या चेकांवर तिच्या सह्या आधीच घेतलेल्या. दागिने तिचे, कर्ज दुसऱ्याचे, आणि ती फक्त "सही कुठे करू?" एवढेच विचारते.

अशा प्रत्येक व्यवहारामागे छळच असतो असे नाही. कितीतरी जोडपी विश्वासाने असे करतात. फरक एका प्रश्नाने कळतो: ती "नाही" म्हणाली, तर घरात काय होईल?

कायद्याने हा प्रकार ओळखला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे प्रकार दिले आहेत. घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे, राहत्या घरातून तिला बाहेर काढणे हे आर्थिक छळात मोडते. स्त्रीधनावर तिचाच हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. हा कायदा फक्त पत्नीपुरता नाही. घरातली आई, बहीण, विधवा सून यांनाही तो लागू आहे.

"मग ती निघून का जात नाही?" असे लोक सहज विचारतात. छळ एका दिवसात सुरू होत नाही. आधी "तू कशाला त्रास घेतेस, मी बघतो" असे असते. मग रिक्षाच्या भाड्याचाही हिशेब द्यावा लागतो. आपल्या बडोद्यात अनेक सुना सांगली, कोल्हापूर, नाशिककडून आलेल्या. माहेर लांब, आणि तिकिटाचे पैसेही मागून घ्यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हाच. झोप उडते, डोके सतत दुखते, मन खचते. आपल्याला एकटीने काही जमणार नाही, असे तिलाच वाटू लागते. मुले हे सगळे पाहतच मोठी होतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील सुमारे २९ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के.

पैशांच्या बाबतीत काही गोष्टी आधीच करता येतात. स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते असावे आणि त्याला स्वतःचाच मोबाइल नंबर जोडावा. संयुक्त खाते 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचे असेल, तर एक जण सगळी रक्कम काढू शकतो. दागिन्यांची बिले व फोटो, आधार, पॅन यांच्या प्रती विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात. मात्र चेकबुक आणि कार्ड टपालाने घरीच येतात. ते धोक्याचे असेल तर शाखेतून हाती मिळेल का, हे आधी विचारावे.

गुजरातमध्ये १८१ या 'अभयम' क्रमांकावर रात्रंदिवस मदत मिळते. तातडीची वेळ असेल तर ११२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम आणि स्त्रीधन परत मिळावे, यासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कायद्याने कसलीही जबाबदारी येत नाही.

अशी तक्रार मंडळातल्या ज्येष्ठांच्या कानावर आली की आपला पहिला विचार समेटाचा असतो. पण नवऱ्यासमोर बसवून विचारले तर ती खरे बोलणार नाही, आणि घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागेल. तिच्याशी एकटीशी बोलावे. तिच्यावर विश्वास ठेवावा. तिच्या परवानगीशिवाय कोणाला सांगू नये, आणि पुढचे पाऊल कधी टाकायचे ते तिला ठरवू द्यावे.